बँकॉकचा नकार आणि सेनगावचा मोंढा

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने आरसेप नावाच्या व्यापार करारातून अंग काढून घेतलं. त्याच आठवड्यात आमच्या सेनगावच्या मोंढ्यात जे सोयाबीन येत होतं, त्याला कोंब फुटलेले होते. ऑक्टोबरच्या अखेरीला पावसाने मराठवाड्याला असं झोडपलं की सुडी लावलेलं पीक सुडीतच उगवलं. ताडपत्री उचलली की आतून वाफ आणि कुबट वास यायचा. मूठभर दाणे तळहातावर घेतले तर निम्मे काळे पडलेले, काहींना पांढरे मोड, काहींवर बुरशी. मी मोंढ्यात एका आडतीवर पट्ट्या लिहितो. घरची थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि विहिरीखाली थोडी हळद. त्या दिवसांत पट्टीवर भावाचा आकडा टाकताना समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मुंबईत तेव्हा सरकारच नव्हतं. विधानसभेचे निकाल २४ ऑक्टोबरला लागले, युती फाटली, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली आणि खरिपाच्या नुकसानीपोटी हेक्टरी ८,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, अशी मदत राज्यपालांनी जाहीर केली. या धांदलीत बँकॉकची बातमी आली. मोंढ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं, "मुनीमजी, आपण करार मोडला म्हणतेत. मंग आता भाव वाढंल का?" त्याचं उत्तर द्यायचं तर हा करार काय होता, तो कुणाला हवा होता, कुणाला नको होता आणि नको म्हटल्यावर नेमकं काय झालं, हे सगळंच सांगावं लागतं.

आसियान नावाच्या गटात तेव्हा आग्नेय आशियातले दहा देश होते. त्या दहांनी चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत या सहा देशांना बरोबर घेऊन एक मोठी सामायिक बाजारपेठ करायची, असा बेत नोव्हेंबर २०१२ मध्ये ठरला. एकमेकांच्या मालावरचं आयात शुल्क हळूहळू कमी करत न्यायचं आणि बहुतेक वस्तूंवर शून्यावर आणायचं, हा त्याचा गाभा. भारत सात वर्षं त्या बोलण्यांत बसला होता. म्हणजे ब्रिटन जसा युरोपीय संघाच्या चालू संसारातून बाहेर पडला तसं आपलं नव्हतं. आपण सही करायच्या आधी उठलो. पण त्याच्या जागी दुसरा व्यापार करार हातात न घेता उठलो, हे दोन्हीकडे सारखं.

उठण्याची कारणं अधिकाऱ्यांच्या भाषेत किचकट आहेत, तरी समजायला अवघड नाहीत. शुल्क कमी करायचं ते कुठल्या वर्षाच्या दरापासून, हा पहिला वाद. करारात आधार वर्ष २०१४ धरलेलं होतं आणि त्यानंतर भारताने कित्येक वस्तूंवरचं शुल्क वाढवलं होतं. म्हणजे शुल्काची घसरण वाढलेल्या वरच्या पायरीवरून नाही, २०१४ च्या खालच्या पायरीवरून सुरू झाली असती. दुसरी मागणी अशी की एखाद्या मालाचा लोंढा यायला लागला तर शुल्क आपोआप वर जावं. तिसरी भीती चीनची. चिनी माल दुसऱ्या एखाद्या सदस्य देशाचं लेबल लावून आला तर तो ओळखायचा कसा? २०१८-१९ मध्ये या पंधरा देशांशी मिळून आपली व्यापारातली तूट १०० अब्ज डॉलरच्या वर होती आणि तिच्यातली निम्मी एकट्या चीनशी. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बँकॉकमध्ये गांधीजींच्या शिकवणुकीचा आणि स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीचा हवाला देऊन नकार दिला. बाकीच्या पंधरा देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सही केली आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला.

आता कोण कुठे उभा होता ते पाहा, कारण नेहमीच्या पक्षांच्या रांगा इथे पार विस्कटल्या होत्या. संघपरिवारातला स्वदेशी जागरण मंच रस्त्यावर उतरून विरोध करत होता, आणि डाव्यांची किसान सभाही. अखिल भारतीय किसान संघर्ष समन्वय समितीने ४ नोव्हेंबरलाच देशभर निदर्शनं ठेवली होती. अमूलचा विरोध न्यूझीलंडच्या दुधाच्या भुकटीला होता. पोलाद कारखानदार चीनला घाबरत होते. काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारने २०१२ मध्ये ज्या बोलण्यांत प्रवेश केला, त्यांनाच २०१९ मध्ये काँग्रेसने विरोध केला आणि भारत बाहेर पडल्यावर त्याचं श्रेयही मागितलं. पण त्याच पक्षाचे माजी वाणिज्यमंत्री आनंद शर्मा यांनी वर्षभराने, इतर देशांनी सह्या केल्या तेव्हा, बाहेर राहण्याचा निर्णय दुर्दैवी आणि चुकीच्या सल्ल्याचा असल्याचं जाहीरपणे म्हटलं, तर जयराम रमेश कराराच्या विरोधातच राहिले. सरकारच्या बाजूलाही एकमत नव्हतं. सरकारनेच नेमलेल्या सुरजित भल्ला समितीचा कल सामील होण्याकडे होता. निती आयोगाचे पहिले उपाध्यक्ष अरविंद पानगढिया सामील व्हा म्हणत होते. आणि २०२४ मध्ये निती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनी भारताने आरसेपमध्ये असायला हवं होतं असं मत मांडलं.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला ही फूट नवी नाही. तीस वर्षांपूर्वी जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावावर ती आम्ही अगदी घरात पाहिली. शेतकरी संघटनेचं अधिवेशन १९८४ मध्ये परभणीला झालं तेव्हा आमचा सेनगावचा हिंगोली जिल्हा परभणीतून अजून वेगळा झालेला नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. आमच्या भागातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर संघटनेचा लाल बिल्ला खिळ्याला अडकवलेला असायचा. त्या संघटनेचे शरद जोशी डंकेल प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकार निर्यातबंदी, झोनबंदी आणि आयात यांच्या जोरावर शेतमालाचे भाव पाडतं, शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी, मग बाजार खुला झाला तर शेतकऱ्याचं नुकसान कसं होईल? कर्नाटकचे एम. डी. नंजुंडस्वामी आणि उत्तर प्रदेशचे महेंद्रसिंह टिकैत यांनी नेमकी उलटी बाजू घेतली. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती बियाणं जाईल, परदेशी अनुदानांचा माल आपल्याला बुडवेल, हे त्यांचं सांगणं. विदर्भात विजय जावंधिया यांच्यासारखे जुने सहकारीही जोशींच्या या वाटेवर राहिले नाहीत. देशातल्या शेतकरी चळवळींची जी एकजूट ऐंशीच्या दशकात जमली होती, तिच्यात या प्रश्नावर मोठी फूट पडली.

माझं मत असं की दोन्ही बाजू निम्म्या खऱ्या होत्या, आणि त्याचं कारण आमच्याच शिवारात दिसतं. सेनगाव तालुक्यात गोरेगाव, साखरा, पानकनेरगाव, आजेगाव, कुठेही जा. जिथे पाणी आहे तिथे हळद, जिथे नाही तिथे सोयाबीन आणि तूर. दोन्ही पिकं बहुधा एकाच माणसाच्या नावावर. जगातली बहुतेक हळद भारतात पिकते आणि ती बांगलादेशापासून आखाती देशांपर्यंत आणि अमेरिकेपर्यंत जाते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये आसपासच्या जिल्ह्यांतली हळद उतरते. कांडी उजळ असली, हातावर मोडली की टणकन आवाज आला आणि आतला रंग गडद निघाला की व्यापारी पुढे सरकतो. त्या हळदीच्या पोत्यापाशी उभा असलेला शेतकरी मनातून म्हणत असतो की बाहेरच्या देशांचे दरवाजे जास्तीत जास्त उघडे राहोत. आणि तोच शेतकरी दसऱ्यानंतर सोयाबीन घेऊन आमच्या मोंढ्यात येतो तेव्हा बाहेरचं तेल आणि पेंड देशात येऊ नये असं त्याला वाटतं. करार हवा आणि करार नको, हे भांडण एकाच सातबाऱ्यावर आहे. दिल्लीतला कुठलाही पक्ष त्याला एका बाजूचा मतदार समजत असेल तर त्याने आमचं शिवार पाहिलेलं नाही.

ब्रिटनमध्ये २०१९ च्या त्याच शरद ऋतूत हेच चाललं होतं, फक्त आवाज मोठा होता. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचा ठरलं. पण कसा सोडायचा यावर पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार संसदेने तीनदा फेटाळला. काहींना करार नसला तरी बेहत्तर, पण बाहेर पडायचंच होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी कराराविना बाहेर पडण्याला आडवे आलेल्या स्वपक्षाच्या २१ खासदारांना पक्षाबाहेर काढलं. मला यातली वेल्सच्या मेंढपाळांची गोष्ट जवळची वाटते. वेल्सने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं, आणि कराराविना बाहेर पडलं असतं तर त्यांच्या मटणावर युरोपात चाळीस टक्क्यांहून जास्त शुल्क बसलं असतं, जेव्हा त्या मटणाचा मुख्य परदेशी ग्राहक युरोपच होता. शेवटी ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला आणि व्यापार कराराचं काम त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला, अगदी मुदतीच्या काठावर, झालं. वर्षभर त्या मेंढपाळांनी किती मेंढ्या ठेवायच्या हे कशाच्या आधारावर ठरवलं असेल?

आमच्याकडे तो प्रश्न करार न करताही पडतो. त्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं.

भारत आरसेपच्या बाहेर राहिला, पण दरवाजा बंद झाला नाही. चीनशी आपला मुक्त व्यापाराचा करार नाही. तरी चीनशी असलेली तूट २०१९-२० मध्ये ४८ अब्ज डॉलरच्या आसपास होती ती २०२४-२५ मध्ये ९९ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. कृषी सेवा केंद्रातल्या कितीतरी औषधांचा कच्चा माल तिथूनच येतो. आणि ज्या देशांच्या धास्तीने आपण उठलो त्यांच्यातल्या दोघांशी नंतर एकेकटे बसून बोललो. ऑस्ट्रेलियाशी केलेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यातून दूध वगळलं, पण ५१ हजार टन कापूस शुल्काविना येऊ देण्याचं मान्य केलं. न्यूझीलंडशी बोलणी पूर्ण झाल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं, तिथेही दूध बाहेर ठेवलं. दुधाच्या बाबतीत बँकॉकचा नकार बरोबर होता, हे माझं ठाम मत आहे. न्यूझीलंड आपलं बहुतेक सगळं दूध निर्यातीसाठी काढतो, आमच्याकडे बाई दोन म्हशींवर पोरांच्या शाळेची फी भरते. या दोघांना एका बाजारात आणणं हा अन्याय झाला असता.

तेलाची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. आसियानशी आपला करार २००९ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, म्हणून पामतेल स्वस्त झालं असं लोक म्हणतात. त्या कराराने कच्च्या पामतेलावरच्या शुल्काला टप्प्याटप्प्याने साडेसदतीस टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणजे करार पाळूनही सरकार साडेसदतीस टक्के शुल्क लावू शकत होतं. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२१ मध्ये कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्य केलं गेलं, आणि फेब्रुवारी २०२२ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत कच्च्या पामतेलावर सगळं मिळून साडेपाच टक्केच होतं. हे कुठल्या परदेशाने आपल्यावर लादलं नाही. हे दिल्लीत एका अधिसूचनेने झालं. ब्राझील-अर्जेंटिनाच्या सोयातेलावरचं शुल्कही तसंच दिल्लीतूनच उतरलं.

२०२१ चं साल आमच्या मोंढ्यात अजून काढलं जातं. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीन काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांवर गेलं. शेतकऱ्यांच्या घरात तेव्हा माल जवळजवळ नव्हताच, पण शेतात उभा होता आणि त्या आकड्याकडे बघून माणसांनी मनातल्या मनात कर्जं फेडली, लग्नं ठरवली. कुक्कुटपालन करणाऱ्यांना पेंड महाग पडत होती. तेही शेतकरीच, त्यांची अडचण खोटी नव्हती. २४ ऑगस्टला केंद्राने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. ज्या बियाण्याची पेरणी या देशात करता येत नाही, त्याची पेंड चालली. नवा माल आला तोवर भाव पाच-सहा हजारांवर आला होता, पावसात भिजलेल्याचा त्याहून खाली. हमीभाव तेव्हा ३,९५० होता, म्हणजे भाव हमीभावाच्या वरच होता, हेही सांगितलं पाहिजे. डिसेंबरमध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले, तेव्हा पुढचा भाव कुठे जाईल याचा अंदाज घ्यायची खिडकीही बंद झाली.

तेल महागलं की शहरातल्या कुटुंबाला झळ बसते, आणि आमच्या गावातल्या मजूर बाईला त्याहून जास्त, कारण ती पाव किलोने तेल आणते. तिच्यासाठी शुल्क कधीच कमी करू नये असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेळेची आहे.

२०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि मोंढ्यात चार हजाराच्या आसपास. सप्टेंबरमध्ये कच्च्या तेलावरचं शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. प्रचारात एका बाजूने सहा हजारांचं, दुसऱ्या बाजूने सात हजारांचं आश्वासन आलं. मतं पडली. मग २८ मे २०२५ ला केंद्राने नवा हमीभाव जाहीर केला, ५,३२८ रुपये, ४३६ रुपयांची वाढ. आणि ३० मे रोजी, अवघ्या दोन दिवसांनी, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क वीस टक्क्यांवरून दहावर आणलं. सगळं धरून साडेसत्तावीसचं साडेसोळा झालं. मृग नक्षत्र तोंडावर होतं. एका हाताने भावाची हमी दिली आणि दुसऱ्या हाताने तो भाव बाजारात टिकणार नाही याची तजवीज झाली. ज्यांनी हमीभावाची बातमी ऐकून बियाण्याच्या बॅगा उचलल्या, त्यांच्यापर्यंत शुल्काची बातमी पोचलीच नाही. ती तेलाच्या व्यापाऱ्यांपर्यंत मात्र त्याच संध्याकाळी पोचली. हमीभावाने खरेदी होते तिथे नोंदणी, ओलाव्याची १२ टक्क्यांची अट, बारदान्याची टंचाई, पैशाची वाट हे सगळं पार करावं लागतं. ज्याच्या डोक्यावर दुकानदाराची उधारी आहे तो थांबू शकत नाही. तो माझ्यासमोर पट्टी करून जातो.

तुरीचंही हेच. २०१५ मध्ये डाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा मोझांबिकशी दरवर्षी तूर आणण्याचा समझोता २०१६ मध्ये झाला. शेतकऱ्यानेही भाव बघून तूर पेरली. एप्रिल २०१७ मध्ये खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, माणसं तुरीच्या पोत्यांवरच झोपत होती. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली गेली.

म्हणून करारात जायचं की नाही, एवढ्यावर पक्षांनी छाती पिटणं मला पुरेसं वाटत नाही. करारात एक गोष्ट असते जी आमच्याकडे नाही. कुठल्या वर्षी कुठल्या मालावर किती शुल्क, याचं दहा-पंधरा वर्षांचं वेळापत्रक तिथे आधी छापलेलं असतं. बाहेर राहिल्यावर सरकारचे हात मोकळे राहतात, आणि मोकळे हात दरवेळी शेतकऱ्याच्या बाजूने चालतीलच असं नाही. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के शुल्क असंच काढलं गेलं, अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावायच्या आठवडाभर आधी. सूतगिरण्यांना त्याची गरज होती. पण तेव्हा आमच्याकडे कपाशीला बोंडं लागलेली होती. शेतकरी त्या घडीला पीक बदलू शकतो का?

मला हवं आहे ते इतकंच. तेल, पेंड, डाळी आणि कापूस यांवरचं आयात शुल्क दरवर्षी एप्रिल संपायच्या आत, हमीभावाबरोबर एकाच कागदावर जाहीर व्हावं. ते कापणी होऊन मालाची मुख्य आवक संपेपर्यंत, म्हणजे जानेवारी अखेरपर्यंत बदलू नये. मधेच तेल भडकलं तर गरिबाला रेशनवर तेल द्यावं, शुल्काला हात लावू नये. अमेरिकेशी बोलणी असोत की युरोपशी, आमच्या शेतमालाबद्दल काय मान्य केलं ते मराठीत, तालुक्याच्या कृषी कार्यालयात लावावं. आरसेपच्या सात वर्षांत कराराचा मसुदा ना संसदेपुढे आला ना शेतकऱ्यांपुढे. त्याच्या बाजूने आणि विरोधात जे बोलले, ते बरंचसं ऐकीव माहितीवर बोलले.

बाबांना मी तेव्हा सांगितलं होतं की करार मोडल्याने भाव वाढणार नाही, मोडला नसता तर भाव पडलाच असता असंही नाही, भाव दिल्लीतल्या पुढच्या आदेशावर आहे. २०२५ च्या जूनमध्ये त्यांच्या मुलाने सोयाबीनचं क्षेत्र निम्मं केलं आणि मका पेरला, कारण इथेनॉलच्या कारखान्यांमुळे मक्याला मागणी आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्या वर्षी देशभरातच सोयाबीनचा पेरा घटला आणि मका वाढला. बियाण्याची बॅग घेताना त्याने मला विचारलं की मका बाहेरून येणार नाही ना. अमेरिकेचा मका येणार का, हा त्या वेळी दोन्ही देशांच्या बोलण्यांतला मोठा वाद होता, आणि त्याचं उत्तर सेनगावात कुणालाच देता येत नव्हतं.